विषय: चढती-उतरती, कलम ७ – अनामत भरली नाही तर जागा कोणाची?

सचिव (बेळगाव)

मंडळी,

आपल्या बास्केटबॉल लीगची नियमावली रविवारी छापायला जाते. कलम ७ सोडून सगळं तयार आहे. वरचा आणि खालचा असे दोन गट, सहा-सहा संघ, प्रत्येकाशी घरी एकदा आणि बाहेर एकदा. म्हणजे संघाला १० सामने, गटाला ३०. वरचा सहावा थेट खाली, खालचा पहिला थेट वर. वरचा पाचवा विरुद्ध खालचा दुसरा, तीनपैकी दोन सामने जिंकेल तो वर. एवढं बैठकीत ठरलंय, ते पुन्हा उकरू नका.

अडलंय ते असं. खालच्या गटाची अनामत १ लाख, वरच्याची ३ लाख. चढलेल्या संघाने वरचे २ लाख २१ दिवसांत भरले नाहीत तर ती जागा कोणाला द्यायची? शुक्रवारपर्यंत सांगा.

खजिनदार

उतरणाऱ्यालाच ठेवा. त्याचे ३ लाख आपल्याकडे जमा आहेत, खेळाडूंचे करार झालेले आहेत, मैदानाची तपासणी झालेली आहे. एका रात्रीत नवा संघ कुठून उभा करणार? पैशाची जबाबदारी माझ्यावर आहे, म्हणून स्पष्ट सांगतो.

म्युनिकहून

खजिनदारकाका, स्पेनमध्ये नेमकं हेच झालं. तिथल्या वरच्या लीगमध्ये शिरायला इतकी मोठी रक्कम भरावी लागायची की खालची लीग जिंकलेले संघसुद्धा बाहेरच राहायचे. बुर्गोसचा संघ मैदानावर एकाहून अधिक वेळा चढला आणि पैशांअभावी खालीच राहिला. उतरायचे ते संघ मात्र वर टिकून राहिले. शेवटी २०१७ मध्ये तिथल्या स्पर्धा-नियामक आयोगाने लीगला ४ लाख युरोंचा दंड केला.

तुमच्या सूचनेतला धोका असा की चढलेल्याचे पैसे जमू नयेत, यात सहाव्या संघाचा फायदा आहे. आपली गावं एवढी जवळ, की प्रायोजक तेच चार-पाच जण. कोण कोणाला काय सांगेल ते तुम्हीच ओळखा.

जर्मनीत वरच्या लीगमध्ये १८ संघ, दोन उतरतात, दोन चढतात, आणि प्रत्येकाला दर हंगामाला परवाना घ्यावा लागतो. आपणही पैशांचा प्रश्न निकालाआधी सोडवावा, निकालानंतर नव्हे.

वेळापत्रक

तुमच्या पैशांच्या चर्चेत २१ दिवस कुठून मोजणार ते बघा की. हंगाम नोव्हेंबरचा पहिला आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य. त्याआधी घेता येत नाही, खानापूरकडची सिमेंटची मैदानं ऑक्टोबरपर्यंत ओली असतात आणि ओल्या सिमेंटवर घोटे मुरगळतात. १ नोव्हेंबरला शहरात सामना ठेवायचाच नाही, रस्ते राज्योत्सवाच्या मिरवणुकांनी भरलेले असतात. डिसेंबरमध्ये सुवर्णसौधात विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की लॉजवर खोली मिळत नाही, म्हणून ते दोन आठवडे सगळे सामने निपाणी, गोकाक, खानापूरला. पाचवा-दुसरा मालिका फेब्रुवारीअखेर संपलीच पाहिजे. मार्चमध्ये पीयूसीच्या (बारावीच्या) परीक्षा आहेत आणि खालच्या गटात विद्यार्थीच जास्त. या तारखा मी ठरवलेल्या आहेत, त्यात परस्पर बदल नकोत.

लंडनहून

नाव तरी नीट ठेवा. "पदावनती" नोकरीतली, "घसरण" बाजारातली. "चढती-उतरती" चांगलं आहे, तेच मुखपृष्ठावर घ्या.

शिवाय ही शिडी हवीच का? जपानने २०१६ मध्ये चढती-उतरतीसह लीग सुरू केली आणि २०२६ पासून ती काढून टाकली. आता वरच्या थरासाठी सरासरी ४,००० प्रेक्षक, १२० कोटी येन उलाढाल आणि योग्य सभागृह हे निकष.

म्युनिकहून

जपानच्या संघांपुढे प्रश्न वेगळा होता. उतरण्याच्या भीतीने सगळा पैसा खेळाडूंवर जायचा, सभागृहाला उरत नव्हता. आपल्याला सभागृह बांधायचंच नाहीये. उलट शिडी नसली की तळाच्या संघाला जिंकायची गरज उरत नाही. अमेरिकेतल्या एनबीएत शेवटच्या संघांना चांगला नवा खेळाडू मिळायची संधी जास्त, म्हणून मुद्दाम हरण्याचा संशय कायम. त्यामुळे २०१९ पासून शेवटच्या तिघांनाही पहिल्या निवडीची शक्यता सारखीच, १४ टक्के केली. आपल्याकडे शिडी हीच तळाच्या सामन्यांची जान.

पंच विभाग

पैशांचं तुम्ही बघा. पण सहावा कोण ते ठरवण्याचा नियम कलम ७ मध्येच लिहा, नाहीतर फेब्रुवारीत भांडणं लागतील. विजयाला २ गुण, पराभवाला १, सामना सोडला तर ०. गुण बरोबर झाले तर फक्त बरोबरीतल्या संघांचे आपसातले सामने धरायचे. समजा तिघांनी आपसातल्या ४-४ सामन्यांत दोन-दोन जिंकले. मग त्याच सामन्यांतला गुणफरक: +९, −२, −७. −७ वाला उतरला. दुबळ्या संघाला ५० गुणांनी हरवलेलं इथे मोजत नाहीत. हे कप्तानांना आधी समजावून सांगा, लोक एकूण फरक धरून बसतात.

आणि संघाची बस उशिरा आली तर काय, तेही लिहा. ठरलेल्या वेळेनंतर १५ मिनिटांत पाच खेळाडू मैदानावर नसतील तर सामना गेला, निकाल २०–०. तीनपैकी दोनच्या मालिकेत असा एक सामना सोडला तर अख्खी मालिका गेली. नियमच तसा आहे.

वेळापत्रक

मग मालिकेसाठी पाहुण्या संघाने आदल्या रात्री मुक्कामी यायचं. फेब्रुवारीत उसाचा हंगाम चालू असतो. चिकोडी-अथणीच्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, ओलांडायला जागा नाही, एक ट्रॉली कलंडली की तास गेला. मुक्कामाचा खर्च कोणाचा ते काका सांगतील.

खजिनदार

मुक्काम यजमानाच्या तिकीटविक्रीतून, १२ खेळाडू आणि २ प्रशिक्षक, त्यावर नाही.

म्युनिककरांचं मला पटलं. सहाव्याचा फायदा व्हायला नको. पण मग पैसे आधी दाखवा. खालच्या गटातल्या ज्या संघाला चढायचंय त्याने हंगामाच्या मध्यावर २ लाखांची बँक हमी द्यावी. रोख मागू नका, रोख अडकली तर जानेवारीत खेळाडूंचा पगार थकतो. चढल्यावर अर्धी रक्कम लगेच, उरलेली पुढच्या हंगामातल्या पाचही घरच्या सामन्यांच्या तिकीटविक्रीतून कापून घेऊ.

आणखी एक. उतरणाऱ्या संघाला खरा खड्डा पगाराचा पडतो. गट बदलला की प्रायोजक कमी देतो, करार मात्र जुन्या आकड्याचा. खालच्या गटात मानधन किती टक्के, ते करारातच लिहायचं. मी ६० म्हणतो.

म्युनिकहून

६० चालेल, पण खेळाडूला करार सोडून जायची मोकळीक १५ दिवस हवी. नाहीतर तो बांधला जातो.

सचिव (बेळगाव)

कलम ७ असं लिहितेय.

मधल्या टप्प्यापर्यंत, म्हणजे १५ जानेवारीपर्यंत, बँक हमी दिलेलेच संघ चढण्यास पात्र. पहिल्याने हमी दिली नसेल तर थेट जागा दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. थेट चढणाऱ्याच्या पुढचा हमीवाला संघ पाचव्याशी मालिका खेळेल. पहिल्या तिघांत कोणाचीच हमी नसेल तरच सहावा वर राहील. हमीवाला एकच असेल तर तो थेट चढेल आणि मालिका होणार नाही. सहावा-पाचवा ठरवणारे शेवटच्या फेरीचे सगळे सामने एकाच वेळी सुरू. बरोबरीचा नियम पंच विभागाचा, करारातले ६० टक्के आणि १५ दिवस काका आणि म्युनिकचे.

वेळापत्रक

१५ नको. संक्रांत १४ किंवा १५ ला पडते, बँका बंद. २० जानेवारी करा.

सचिव (बेळगाव)

२० केली.