मैदानाला अविनाश साबळेचं नाव: आत्ताच द्यायचं का?

मांजरसुंभा_घाट
कालपासून एक पोस्ट सगळ्या ग्रुपवर फिरायलीय. मराठवाड्यातल्या प्रत्येक तालुका क्रीडा संकुलाला तिथल्या हयात खेळाडूचं नाव द्या, सुरुवात आष्टीत धावपटू अविनाश साबळेपासून करा, आणि शेवटी एक वाक्य, 'याला विरोध करणारा मराठवाड्याचा नाही'. ह्या शेवटच्या वाक्यानं डोकं फिरलं म्हणून लिहायला बसलो. मी बीड जिल्ह्यातलाच आहे, माझ्या मराठवाडी असण्याचा दाखला कुणाकडून नकोय.

साबळेबद्दल वावगा शब्द काढणार नाही. मांडव्याचं पोरगं, आईवडील वीटभट्टीवर, शाळेत पायी, बारावी झाली की सैन्यात, ५ महार बटालियन, सियाचीन, आणि तिथून पुढं पळायला लागला तेव्हा जगाला कळलं. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थमधी दोन केनियावाल्यांच्या मधी घुसून रौप्य, सोनं हुकलं ते ०.०५ सेकंदानं. मग हांगझोऊला एशियाडचं सोनं, पॅरिसला ऑलिंपिकची फायनल. पण ह्यात आपण काय दिलं ते सांगा ना. त्याच्या ३००० मीटर स्टीपलचेस शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात, आणि तो अडथळा हर्डलसारखा पाय लागला की पडत नसतो, पक्का जाड ओंडका असतो, पाय अडकला तर माणूसच पडतो. त्याच्यापुढं साडेतीन मीटरच्या वर पाण्याचा खड्डा. आष्टी-पाटोद्याच्या पोरानं ही उडी कुठं शिकायची? नाव साबळेचं आणि आत मुरूम टाकलेलं चौकोनी मैदान, पावसाळ्यात गवत कंबरेएवढं, ह्याला मी सन्मान म्हणत नाही.

पुण्यात आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटच्या स्टेडियमला २०२१ ला नीरज चोप्राचं नाव दिलं. सैन्याची संस्था, सैन्याचाच खेळाडू, स्टेडियम आधी, नाव मागून. आपल्याकडं उलटं होणार. पाटी लागंल, पाच-सहा पुढारी फित कापायला येतील, फ्लेक्सवर त्यांचे फोटो साबळेच्या दुप्पट असतील आणि गुत्तेदाराचं बिल निघंल. आणि हयात माणसाचं म्हणाल तर पैलवान सुशीलकुमारकडं बघा, दोन ऑलिंपिक पदकं, आणि २०२१ ला खुनाच्या केसमधी अटक. निकाल काय लागायचा तो लागो, पण एखाद्या गावानं शाळेला त्याचं नाव दिलं असतं तर आज काय केलं असतं? साबळे तसा नाही हे मलाही माहितीय. प्रश्न प्रथेचा आहे.

बालाघाटी
दादा, ती पोस्ट माझीच आहे. शेवटचं वाक्य तिखट होतं, ठीकय, पण मागं घेत नाही.

तुम्ही म्हणता थांबा. खाशाबा जाधवांच्या बाबतीत थांबलेच की सगळे. १९५२ ला हेलसिंकीत कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, १९८४ ला माणूस गेला, अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर आणि दिल्लीच्या कुस्ती स्टेडियमला नाव दिलं २०१० ला. जिवंतपणी त्या माणसानं कुठली पाटी पाहिली? मेल्यावर हार घालायला सगळेच येतात.

आणि बीडचं नाव तुम्ही आज बाहेर घेऊन बघा. माझा भाऊ पुण्यात खोली बघायला गेला, घरमालकानं आधी हसून चहा पाजला, गाव विचारलं, बीड म्हटल्यावर म्हणला 'खोली कालच गेली'. खालच्या पाटीवर 'खोली भाड्याने देणे आहे' तशीच लटकलेली. टीव्हीवर बीड म्हणजे खून, खंडणी, नाहीतर कोयता घेऊन चाललेल्या बैलगाड्या. इथल्या पोराला उद्या गाव सांगताना 'साबळेचं बीड' म्हणता आलं तर तुमचं काय बिघडलं? पंजाब सरकारनं टोकियोच्या पदकानंतर आपल्या हॉकीवाल्यांची नावं सरकारी शाळांना दिली, मनप्रीतच्या मिठापूरच्या शाळेला मनप्रीतचं. खेळत असलेल्या पोरांची. तिथं काही बुडालं का?

वानखेडे_नॉर्थ
मुंबईत हेच झालंय. २०२५ च्या मे मधी वानखेडेला रोहित शर्मा स्टँड झाला, माणूस तेव्हा वनडे खेळतच होता. रांचीत धोनी पॅव्हेलियन आहे. पण एक फरक लक्षात घ्या, ते क्रिकेट असोसिएशननं आपल्या स्टेडियममधी ठरवलं. तालुका क्रीडा संकुल लोकांच्या पैशाचं असतं. तिथं नाव कोण ठरवणार? पालकमंत्री. पालकमंत्री बदलला की नाव बदलणार.

धाराशिवची_खोखो
सगळं वाचलं. एवढ्या मोठ्या चर्चेत एका बाईचं नाव नाही.

सारिका काळे आमच्या धाराशिवची. २०१६ ला साऊथ एशियन गेम्समधी खो-खोत भारताची कॅप्टन, सोनं, २०२० ला अर्जुन पुरस्कार. प्रियांका इंगळे तुमच्याच बीड जिल्ह्यातली, जानेवारी २०२५ ला दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला त्यात भारताची कॅप्टन, कप घेऊन आली. नांदेडची भाग्यश्री जाधव, गोळाफेक, पॅरिस पॅरालिंपिकला देशाचा झेंडा तिच्या हातात होता सुमित अंतिलबरोबर. ह्यातलं कुणी आठवलं का पोस्ट लिहिताना? ईडन गार्डनला क्रिकेटवाल्या झुलन गोस्वामीचा स्टँड होतो, आणि आमच्याकडं 'खेळाडू' म्हटलं की पुरुष आणि तोही बीडचा.

मी स्वतः आठ-नऊ वर्षं खेळले. आमच्या मैदानावर लग्नाचे मांडव पडायचे. सकाळी आम्ही प्रॅक्टिसला गेलो की खांबाचे खड्डे तसेच, त्यात भाताची शितं, पत्रावळ्या, फुटक्या बाटल्या. सूर मारताना माझ्या कोपरात काच घुसली, चार टाके. कपडे बदलायला खोली नाही म्हणून घरून निघतानाच ट्रॅकसूटवर ड्रेस घालून जायचो आम्ही पोरी. आईला वाटायचं थंडी वाजते. नावाची लढाई करायचीच असंल तर आधी पोरींची नावं द्या, आणि मैदानावर मांडव टाकणाऱ्याला दंड लावा.

बालाघाटी
ताई, प्रियांका इंगळेचं नाव राहिलं हे खरंय. केजच्या संकुलाला तिचं द्या, माझी ना नाही.

मांजरा_काठ
लातूरवाल्यांनी गप्प बसायचं का? हरिश्चंद्र बिराजदार मामा रामलिंग मुदगडचे, महाराष्ट्र केसरी, पुढं पुण्यात तालीम चालवून किती मल्ल घडवले त्याला मोजदाद नाही. २०११ ला गेले. आधी त्यांचं, मग जिवंत माणसांचं. मराठवाडा म्हणजे बीड नाही. प्रत्येक वेळी मराठवाड्याच्या नावावर एकाच जिल्ह्याची पोळी भाजली जाते, आणि आम्ही काही बोललो की फुटीर ठरतो. महसूल आयुक्तालय लातूरला का नांदेडला ह्या वादाच्या वेळी पण हेच झालं.

गोदा_नांदेड
आयुक्तालय इथं आणू नका भाऊ, तो वाद २००९ पासून चिघळलाय, आणि नांदेडला द्यायला काय हरकत होती ते वेगळं बोलू.

जुना_विद्यापीठकर
नावाच्या पायी मराठवाड्यात काय झालंय ते नव्या पोरांना माहीत नाही. विधिमंडळाचा ठराव १९७८ चा आणि विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या काळात घरं जळाली, माणसं गेली. म्हणून म्हणतो, इथं नावाला हात लावू नये.

गोदा_नांदेड
सर, वयानं मोठे आहात, पण हे एका तराजूत घालू नका. ती माणुसकीची लढाई होती, आमच्या नांदेडात त्यासाठी जीव गेलेत. मैदानाच्या पाटीसाठी तिचा दाखला देताय, आणि निष्कर्ष काय तर 'नावाला हात लावू नये'? मग तेव्हा पण लावायला नको होता का? हे वाक्य मागं घ्या.

जुना_विद्यापीठकर
तसं म्हणायचं नव्हतं. नाव द्यायला हवंच होतं, जळायला नको होतं एवढंच.

निवृत्त_पीटी_सर
नावं बाजूला ठेवा जरा. मैदान आहे कुठं आणि उघडतं कधी, हे कुणी विचारलं का?

आमच्या तालुक्याला संकुल आहे. कंपाउंड आहे, गेट आहे, गेटला कुलूप आहे. किल्ली ज्याच्याकडं तो सात वाजता येतो. पोलीस भरतीवाली पोरं पहाटे चारला उठतात कारण नऊला कुणी दुकानात कामाला, कुणी वावरात, कुणी लायब्ररीत. १६०० मीटरला २० मार्क आहेत, शंभर मीटरला १५, गोळ्याला १५. एका मार्कानं यादीबाहेर जातंय पोरगं. मग ती कुठं पळतात? हायवेवर. जानेवारी २०२५ ला घोडका राजुरीजवळ काय झालं आठवतंय का, पहाटे पळणारी तीन पोरं एसटीखाली गेली. त्याच बीड जिल्ह्यात, ज्याच्या अभिमानाची ही चर्चा चाललीय.

मी नोकरीत असताना तीनदा अर्ज दिले की गेट चारला उघडा, दोन दिवे लावा. संबंधित कार्यालयानं लेखी कळवलं, 'सुरक्षारक्षकाचे पद मंजूर नाही'. आणि त्याच मैदानावर सभा असली की रात्रभर हॅलोजन चालू असतात.

बालाघाटी
सर, मान्य, पण ह्याचा नावाशी काय संबंध? गेट उघडा ही मागणी वेगळी, नाव द्या ही वेगळी. दोन्ही करा. दरवेळी 'आधी हे करा मग ते' म्हणत आपण काहीच करत नाही. साबळेचं नाव लागलं तर कुलूप लावणाऱ्याला थोडी तरी लाज वाटंल.

मांजरसुंभा_घाट
लाज? महापुरुषांची नावं दिलेल्या मैदानांवर मांडव पडतात तेव्हा कुणाला लाज वाटली? ताईंनी आत्ताच सांगितलं ना.

हडपसर_मुक्काम
मी मूळचा परळीचा. इकडं सगळ्या सोसायट्यांत ट्रॅक, जिम. तिकडच्या लोकांनी पुढाऱ्यांच्या मागं पळायचं सोडलं तर मैदानं सुधारतील. दोष लोकांचा आहे.

निवृत्त_पीटी_सर
तुम्ही सोसायटीच्या ट्रॅकवर चाला, आम्हाला शिकवू नका. तुमची लेकरं तिकडं आहेत. इथं जी पोरं राहिली ती पुढाऱ्याच्या मागं नाही, एसटीच्या पुढं पळायलेत.

हडपसर_मुक्काम
पर्सनल जाऊ नका सर. मीपण त्याच रस्त्यावर पळून मोठा झालोय. नोकरी इथं मिळाली हा माझा गुन्हा आहे का?

पोरीचा_बाप
मी कधी लिहीत नाही, आज लिहितो. माझी पोरगी भरतीची तयारी करते. पोरींना ८०० मीटर असतं. पहाटे साडेचारला आम्ही निघतो. ती पुढं पळते, मी मागून मोटरसायकल पहिल्या गिअरवर ठेवून हेडलाइट तिच्या पाठीवर धरतो, म्हणजे ट्रकवाल्याला लांबून दिसंल. तिच्या शर्टावर आईनं चमकीची पट्टी शिवलीय, सायकलला लावतात तसली. ऊस वाहतुकीचा सीझन असला की ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या मागं, त्यांना मागचा दिवा नसतो, साइड सोडत नाहीत. क्लच जळून गेलाय गाडीचा. पेट्रोलचं सोडा, पण मला सहाला दूध घालायला जायचं असतं.

तिच्या मोबाइलच्या स्क्रीनवर साबळेचा फोटो आहे. तिला विचारलं, मैदानाला त्याचं नाव द्यावं का? ती म्हणली, द्या की, पण पप्पा आत जायला मिळंल का?

धाराशिवची_खोखो
दादा, पोरीला सांगा शूज रस्त्यावरचे वेगळे आणि मातीवरचे वेगळे वापर, डांबरावर नडगी दुखायला लागते, आमच्या कितीतरी पोरी तिथंच थांबल्या. आणि गेटच्या अर्जावर माझी सही घ्या.

मांजरा_काठ
माझी पण घ्या. पण बिराजदार मामांचं मी सोडलेलं नाही.

बालाघाटी
सर, तुमचे जुने अर्ज असतील तर फोटो टाका. नवा अर्ज मी टाइप करतो. गेट पहाटे चार ते रात्री नऊ, चार दिवे, मांडवाला बंदी, पोरींना कपडे बदलायला खोली आणि पाण्याची टाकी. तहसीलदार आणि तालुका क्रीडा अधिकारी दोघांना. नावाची मागणी त्यातच टाकणार, ती सोडणार नाही.

मांजरसुंभा_घाट
नावाची मागणी त्याच अर्जात टाकली तर साहेब फक्त तेवढीच वाचतील आणि ग्रामसभेचा ठराव आणा म्हणून सगळंच परत पाठवतील. दोन वेगळे अर्ज करा. गेटच्या अर्जावर पहिली सही माझी. नावाच्या अर्जावर नाही करणार, गेट उघडल्यावर विचारा.

बालाघाटी
बरं, दोन करतो. उघडल्यावर विचारतोच, तेव्हा पळ काढू नका.

निवृत्त_पीटी_सर
मांडवाच्या मुद्द्यात 'राजकीय सभा' पण घाला, नुसतं लग्न लिहिलं तर पळवाट काढतील. जुन्या अर्जांचे फोटो संध्याकाळी टाकतो. सोमवारी अकराला तहसीलला कोण कोण येतंय ते इथंच कळवा.