पार्किंगमधलं वीसनखी पिल्लू

सी ५०१: काळीच्या पिल्लांतलं ते तांबडं बघितलं का कुणी, मागच्या पायाला जास्तीचं नख आहे, वीसनखी आहे ते!! आमच्या सासरी असं कुत्रं राखणीला पाहिजे म्हणून लोक लांबून येतात, मी नेऊ का घरी

ए १०२: वीसनखी म्हणजे लांडग्याचं रक्त असतं त्यात. बिल्डिंगमध्ये लहान मुलं आहेत, जरा विचार करा

ए १०३: काका उलटं आहे ते 😄 कुत्र्याला एरवी अठरा नखं, पुढच्या पायांना पाच पाच आणि मागच्यांना चार चार, आणि लांडग्याला पण मागे चारच. इटलीत तर लांडग्याच्या मागच्या पायाला असा अंगठा दिसला की अभ्यासक म्हणतात यात कुत्र्याचं रक्त आलंय. फ्रान्स-स्पेनच्या सीमेवर पिरेनीज डोंगरात मेंढ्या राखणारी मोठी पांढरी कुत्री असतात त्यांना मागे दोन दोन जास्त असतात, तीही काही लांडगे नाहीत, उलट लांडग्यांना हाकलायलाच पाळलेली. तसं मूळ बघितलं तर आमच्या पगचं पण लांडगाच, निदान १५ हजार वर्षं झाली वेगळं होऊन

ए १०२: तुमचा पग लांडगा?? रात्रभर घोरतो तो, भिंतीतून ऐकू येतं

ए १०३: नाक माणसांनी चपटं केलंय काका त्याला काय करणार. कुत्र्याला घाम फक्त पंजाच्या गाद्यांना येतो, बाकी अंग गार करायचं ते जीभ काढून धापा टाकूनच, आणि याचं नाकच एवढंसं. म्हणून दुपारी बाहेर काढत नाही

सी ५०१: ते सोडा, मघाशी पिल्लाचं नाक कोरडं होतं आणि अंग चटका बसेल इतकं गरम, मी आपली तापाची गोळी पाव तुकडा दुधातून दिली

ए १०३: अहो ताई!!! माणसाची गोळी कुत्र्याला द्यायची नाही कधीच, पॅरासिटामॉलने लिव्हर जातं, आयबुप्रोफेन तर त्याहून वाईट. आणि कुत्र्याचं अंग १०१ ते १०२.५ असतंच, आपल्या हाताला ते ताप वाटतं. नाक झोपून उठलं की कोरडंच लागतं. आत्ता उचला आणि डॉक्टरकडे न्या, गोळीचं पाकीट बरोबर घ्या, किती मिलिग्रॅम ते विचारतील

सेक्रेटरी: कृपया पिल्लू लिफ्टमधून नेताना खाली पेपर धरावा

सी ५०१: आले जाऊन. नशीब, निम्मं दूध त्याने बाहेरच सांडलं होतं, दोन दिवस लक्ष ठेवा म्हणाले. खरी भानगड गोचिडांची निघाली, कानात आणि बोटांच्या मधे नुसते चिकटलेले, रक्त पिऊन पिऊन हिरड्या पांढऱ्या पडल्यात. जंताचं औषध दिलंय. दोन महिन्याचं होईपर्यंत आईपाशीच राहू द्या आणि रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात

बी २०४: काळीची पण नसबंदी करून घ्या पिल्लं दूध सोडली की. ऑपरेशन झालेल्या कुत्रीच्या कानाला खाच असते, हिच्या नाहीये

सी ५०१: हो. आणि नखं एकोणीसच निघाली. डाव्या पायालाच आहे एक, त्याला आत हाड पण नाही, नुसतं लोंबतंय, वाढलं की वळून कातडीत घुसतं म्हणे, कापत राहायचं

ए १०२: एकोणीसनखी राखणीला चालतं का तुमच्या सासरी 😂

सी ५०१: सासूबाई या ग्रुपवर नाहीत म्हणून सांगते, त्यांना मी वीसच सांगितलंय