पेनल्टी घालवलेला कप्तान पुढं कोच झाला, खरं का?

विश्रामबागकर: आमच्या पोरानं परवा फुटबॉल मॅचला शेवटची पेनल्टी घालवली. दोन दिवस मैदानाकडं फिरकला नाही. काल भडंग खाताना कुणीतरी म्हणालं, सेनेगलच्या आधीच्या कोचनंबी खेळाडू असताना अशीच घालवलेली. खरं का?

मिरजेचा बॅक: खरंय की. आलियू सिसे. २००२ च्या आफ्रिका कपची फायनल, समोर कॅमेरून, शेवटची किक कप्तानाची, म्हणजे ह्याचीच. अडवली. पण त्याच वर्षी वर्ल्डकपच्या पहिल्याच मॅचला ह्याच्याच टीमनं फ्रान्सला १-० नं पाडलं! मी नववीत होतो, ट्यूशन बुडवून बघितलेली.

२०१५ ला सेनेगलचा कोच झाला, २०२४ पर्यंत होता. २०१९ ला परत फायनल, अल्जीरियाकडून हार. मग फेब्रुवारी २०२२, परत फायनल, समोर इजिप्त. सेनेगलच्याच सादिओ मानेनं सातव्याच मिनिटाला पेनल्टी घालवली. तरी बरोबरीनंतर पेनल्टी शूटआऊटला शेवटची किक त्यालाच, आणि गोल. सेनेगलचा पहिला आफ्रिका कप.

कृष्णाकाठ: २०१८ चा वर्ल्डकप राहिला बघा. गटात जपानबरोबर पॉइंट, गोल सगळं सारखं, पिवळी कार्डं जास्त म्हणून सेनेगल घरी. बेकार नियम.

विश्रामबागकर: मानेची ती किक पोराला दाखवली. बूट शोधतोय आता.