मदत हवी आहे : धोतऱ्याच्या नमुन्यात २७१ चं शिखर कुठून येतंय?

मंडळी, बडोद्यात एम.एस्सी. फॉरेन्सिकचा प्रकल्प चालू आहे. सरावासाठी खिचडीत धोतऱ्याच्या बियांची पूड मिसळून त्यातून अल्कलॉइड (अ‍ॅट्रोपिनसारखी वनस्पतीतली विषारी द्रव्यं) ओळखायचे आहेत. हेक्झेनने तेल काढलं, अमोनियाने अल्कधर्मी करून क्लोरोफॉर्ममध्ये अर्क घेतला. टीएलसीवर (पातळ थरावर घटक वेगळे करणारी पट्टी) ड्रॅगेनडॉर्फ या अल्कलॉइड दाखवणाऱ्या रसायनाचा नारिंगी ठिपका अ‍ॅट्रोपिनच्या स्टँडर्डशेजारीच (शुद्ध नमुन्याशेजारीच) येतो, विटाली चाचणीत (अशाच अल्कलॉइडांची रंगचाचणी) जांभळा रंगही दिसला. नुसत्या खिचडीत यातलं काही नाही. इथवर ठीक.

जीसी-एमएसमध्ये (नमुना तापवून वायुरूपात घटक वेगळे करणारं आणि त्यांचा रेणुभार दाखवणारं यंत्र) मात्र अ‍ॅट्रोपिनच्या (रेणुभार २८९) जोडीला २७१ चं मोठं शिखर आहे. पाण्याचा रेणू गेला की अ‍ॅपोअ‍ॅट्रोपिन, एवढं कळतं. शुद्ध स्टँडर्डमध्येही ते येतं, पण अगदी लहान. म्हणून सगळा दोष गरम इंजेक्टरवर (यंत्रात नमुना शिरताना जिथे त्याची वाफ होते तो भाग) टाकायला मन धजत नाही. अर्क वॉटर बाथवर कोरडा केला होता, शंका तिथेही आहे. इंजेक्टरमधला लायनर (आतली काचेची नळी) नवा आहे.

एलसी-एमएस (वाफ न करता द्रावणातूनच घटक वेगळे करणारं यंत्र) आमच्याकडे नाही. जीसी दुसऱ्या विभागाचं, आणखी एकदाच मिळेल (सिलिलेशनचं, म्हणजे रेणूच्या -OH गटाला सिलिल गट जोडून तो उष्णतेत टिकवण्याचं, रसायन आहे). त्या एका पाळीत इंजेक्टरचं तापमान उतरवून पाहू, की उष्णता न देता सुकवलेला अर्क सिलिलेट करून टाकू? अ‍ॅपोअ‍ॅट्रोपिन अर्कातच होतं की यंत्रात बनलं, हे कशाने ठामपणे सांगता येईल?