अनुभव धागा : ईटिंग डिसऑर्डरनंतर नॉर्मल जेवायला शिकताना (नागपूरकर, या इकडे)

ईटिंग डिसऑर्डरमधून बाहेर येताना सगळे एकच सांगतात, आता नॉर्मल खात जा. बरं बाप्पा, खाते. पण कोणासारखं? आमच्या घरी बाबा रात्री जेवत नाहीत, आई आठवड्यातून दोन उपास करते, वहिनी कीटोवर आहे आणि भाऊ सावजी हाणून आला की दुसऱ्या दिवशी नुसत्या ताकावर. यातलं नॉर्मल कोणतं ते सांगा मला. म्हणून हा धागा काढतेय. तुम्ही कसं शिकलात, कोणी शिकवलं, कुठे अडलं, सगळं लिहा. फक्त किलो, कॅलरी, इंच नका लिहू आणि आपण किती कमी खायचो त्याचे पराक्रम पण नको, वाचणाऱ्याला ते लागतं.

सुरुवात मीच करते. मला ॲनोरेक्सिया होता, म्हणजे वजन वाढायच्या भीतीने खाणंच तोडत जायचं तो आजार. डाएटिशियन मॅडमनी जो चार्ट दिला त्यात पदार्थांपेक्षा वेळा ठळक होत्या. नाश्ता, दोन जेवणं, मध्ये दोन-तीनदा काहीतरी, आणि दोन खाण्यांत चार तासांहून जास्त गॅप नाही. मी म्हटलं भूक लागली की खाईन ना. तर म्हणाल्या, तुझी भूक सध्या रजेवर आहे, ती रुजू होईपर्यंत घड्याळ बघ. आणि खरंच, अर्धी पोळी खाल्ली की पोट असं टम्म फुगायचं की मला वाटायचं बघा, माझं शरीरच नको म्हणतंय. नंतर कळलं की खूप दिवस कमी खाल्लं की पोट रिकामं व्हायची गतीच मंदावते, थोडक्यातही भरल्यासारखं वाटतं, आणि त्यावर औषध म्हणजे नियमित खाणंच. म्हणजे भूकही खोटी आणि पोट भरणंही खोटं, अशात 'शरीराचं ऐका' वगैरे सल्ल्यांचा मला काडीचा उपयोग झाला नाही. ऐकायला शरीर खरं बोलायला तर पाहिजे!

हॉस्टेलचा_पोट्टा

मुलगा आहे म्हणून लिहावं की नाही विचार करून राहिलो होतो. मला कोणी डिसऑर्डर म्हटलंच नाही बे, सगळे म्हणायचे काय डिसिप्लिन आहे भाऊचं. डबा वेगळा, उकडलेलं चिकन, वजनकाटा बॅगेत, सकाळी मित्र तर्री पोहे खायला निघाले की मला कायम 'काम' असायचं. फॅमिली डॉक्टर पण म्हणाले जिममुळे थकवा येतो, होतं असं.

मला पटलं ते एका जुन्या प्रयोगामुळे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. स्वतःहून आलेले, मनाने ठणठणीत निवडलेले लोक होते ते. तर ते दिवसभर खाण्याबद्दल बोलायला लागले, पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, समोरचं जेवण तासभर चिवडत बसायचे, मित्रांत मिसळणं सोडलं, चिडचिडे झाले. मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत रेसिपीचे व्हिडिओ बघायचो आणि स्वतः खायचो नाही, मला वाटायचं हा माझा स्वभावच आहे. तो उपासमारीचा परिणाम होता! आणि पुढचं महत्त्वाचं म्हणजे जेव्हा त्यांना पोटभर द्यायला लागले तेव्हा कितीतरी दिवस ते भरपूर जेवूनही भुकेलेच राहायचे. माझंही तेच झालं, जेवून उठलो की परत भूक, मी घाबरलो की आता हे थांबणारच नाही. थेरपिस्ट म्हणाले खा, दबवू नको, शरीर मागचं वसूल करून राहिलं आहे. हळूहळू कमी झालं ते.

पोहे आता खातो. तर्री जास्त मागून घेतो.

चाळिशीतली_बँकवाली

माझं उलटं आहे, मला बिंज ईटिंग, म्हणजे ताबा सुटून एका वेळी भरमसाट खाणं. याला वेगळा आजार म्हणून अमेरिकन सायकियाट्रीच्या डीएसएम या मानसिक आजारांच्या यादीत २०१३ साली जागा मिळाली, त्याआधी माझ्यासारख्यांना सगळे सरळ खादाड म्हणायचे. अजूनही म्हणतात म्हणा.

माझा दिवस कसा असायचा, तर सकाळी चहा, दुपारी काकडी-गाजर, ऑफिसात कोणी संत्रा बर्फीचा डबा फिरवला की मी 'नाही गं, डाएट'. सगळ्या जणी म्हणायच्या केवढा कंट्रोल! आणि रात्री सगळे झोपले की फ्रिजसमोर उभी राहून थंड भात, शेव, मुलांची बिस्किटं, चव न घेता, पोट दुखेपर्यंत. मग रडायचं आणि शपथ घ्यायची की उद्या काहीच खायचं नाही. त्या उद्यामुळेच पुढची रात्र यायची हे मला कोणीतरी कागदावर गोल काढून दाखवेपर्यंत कळलं नव्हतं. मी रात्रीवर उपाय शोधत होते आणि उपाय सकाळी होता. मला सांगितलं गेलं की आदल्या रात्री काहीही झालेलं असो, सकाळचा नाश्ता चुकवायचा नाही. आदल्या रात्री एवढं खाल्ल्यावर सकाळी उपमा खायला बसणं म्हणजे काय असतं ते ज्याला माहीत त्यालाच माहीत. पण त्यानेच रात्री सुटायला लागल्या, कुठल्याही डाएटने नाही.

बर्फीचं सांगते. आता डबा आला की मी एक तुकडा घेते आणि बसून खाते, सगळ्यांसमोर. कधी दोन. कधी नकोच वाटते, आणि ते नको खरं असतं. परवा एकीने विचारलं, काय गं, डाएट सोडलं वाटतं? म्हटलं हो, डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं. तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

एका_पोरीची_माय

मी टाईप करण्यात कच्ची आहे, समजून घ्या. माही पोरगी अकरावीत असताना आजारी पडली. आम्हाले वाटलं बारावीचं टेन्शन. पाळी बंद झाली, केस गळून राहिले, उन्हाळ्यात नागपूरच्या त्या गरमीत स्वेटर घालून बसायची, तेव्हा डोळे उघडले. ॲडमिट केलं तर मले वाटलं आता दाबून खाऊ घालतील, तर डॉक्टरांनी अगदी थोडं थोडं सुरू केलं, आणि रोज रक्त तपासायचे. मी भांडली त्यांच्याशी, काहून लेकराले उपाशी ठेवता म्हणून. तर त्यांनी समजावलं की फार दिवसांच्या उपाशी माणसाले एकदम भरपूर दिलं तर रक्तातलं फॉस्फेट एकदम खाली जाते आणि हृदयावर बेतू शकते. तुमच्या घरी कोणी फार खंगलेलं असेल तर मनाने तूप-शिरा सुरू करू नका, आधी डॉक्टर.

घरी आल्यावर ताट मी वाढायचं, तिनं नाही, हा नियम होता. आणि वाद घालायचा नाही, पण उठू पण द्यायचं नाही. बोलायला सोपं आहे. आमच्याकडे गोळा भात होते, भातावर डाळीच्या पिठाचा गोळा कुस्करायचा आणि वरून लसणाची फोडणी, चांगलं चमचाभर गरम तेल. ते तेल भातात जिरलं की पोरगी भाताचे दाणे एकेक करून ताटाच्या कडेले दाबायची, तेल निथळून काढायची, बोटं पिवळी होत, आणि भात थंडगार. मी पाहत बसायची. तिच्या बाबाले सहन नाही व्हायचं, ते उठून गॅलरीत जात. मी म्हणायची हे औषध आहे, औषधातलं अर्धं टाकत नाहीत. ती म्हणायची तू माझी दुश्मन आहेस. म्हटलं असू दे.

परवा माझ्याच जावेनं म्हटलं की पोरगी आता 'भरली'. चांगलंच म्हणत होती बिचारी. पण पोरीनं चमचा खाली ठेवला. मी सगळ्यायले सांगून ठेवलं आहे, शरीरावर चांगलं पण बोलायचं नाही आणि वाईट पण नाही, बोलायचंच असेल तर परीक्षेचं विचारा.

फुटाळा_संध्याकाळ

बुलिमिया, म्हणजे भरमसाट खायचं आणि मग उलटी करून काढायचं. मला आधी पकडलं डेंटिस्टने, पुढच्या दातांची मागची बाजू झिजलेली पाहून. त्यांनी फक्त विचारलं, उलट्या होतात का? ओरडल्या नाहीत. एक कामाचं सांगितलं की उलटीनंतर लगेच ब्रश करू नको, ॲसिडने मऊ झालेलं इनॅमल अजून घासलं जातं, नुसत्या पाण्याने चूळ भर. मग पोटॅशियम आणि ईसीजी करायला लावला. वजन 'ठीक' असलं तरी पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके बिघडू शकतात, त्यामुळे बारीक दिसत नाही म्हणून टेस्ट टाळू नका.

उलट्या थांबवल्यावर पाय आणि गाल सुजले होते काही दिवस. ती चरबी नसते, पाणी आणि ग्रंथींची सूज असते, उतरते. मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर मध्येच सगळं सोडून दिलं नसतं.

नवरात्रवाली

माझा प्रश्न उपासाचा होता. नऊ दिवसांचा उपास हे माझ्या आजारासाठी आयतंच निमित्त, कोणी टोकणार नाही, उलट कौतुक. डॉक्टर म्हणाल्या सध्या एकही नाही, एकादशी पण नाही. घरी कसं सांगू या काळजीत होते, तर आजीच म्हणाली, आजारी माणसाला उपास नसतो, बाळंतिणीला नसतो, तुला कोण देवी रागावते? विषय संपला. महालक्ष्म्यांच्या जेवणाला मी पहिल्या पंगतीत बसले, पुरणपोळी, कढी, सगळं. भीती वाटलीच, पण वाढणारी आजी होती, तिला नाही कोण म्हणणार.

हॉस्टेलचा_पोट्टा

आजी भारी!

नवीन_आयडी_आहे

सगळं वाचलं. माझ्याकडे थेरपिस्टचे पैसे नाहीत आणि घरी सांगितलेलं नाही. काय करू?

(धागाकर्ती)

टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनला फोन कर, १४४१६. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं. आणि मेडिकलला (नागपूरचं सरकारी मेडिकल कॉलेज हॉस्पिटल) मानसोपचाराची ओपीडी आहे, गर्दी असते, सकाळी लवकर जा. चक्कर येत असेल, छातीत धडधडत असेल, तर ओपीडीचीही वाट बघू नको, सरळ कॅज्युअल्टीत जा आणि नेमकं काय खातेस-काय नाही ते तिथल्या डॉक्टरांना खरं सांग.

नवीन_आयडी_आहे

थँक्यू. अजून एक, पुढच्या आठवड्यात ट्रेनने पुण्याला जायचंय, रात्रीची गाडी आहे. प्रवासात माझं सगळं बिघडतं, मग पोचल्यावर काहीच खात नाही.

चाळिशीतली_बँकवाली

रात्रीचं जेवण घरून डब्यात घे, गाडी सुटली की लगेच खाऊन टाक, स्टेशनवर काय मिळतं बघू म्हणून थांबू नको. सकाळसाठी धपाटे किंवा पराठा, सोबत केळी आणि शेंगदाण्याची चिक्की. आणि पोचल्यावर कोणाकडे उतरणार आहेस? त्यांना आधीच सांगून ठेव की आल्या आल्या नाश्ता लागतो मला.