गच्चीवर भुताचा सिनेमा लावायचाय: मूळ की विडंबन? बजेट ३,००० रुपये

गंगापूररोडकर
नमस्कार मंडळी. दिवाळीनंतरच्या शनिवारी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सिनेमा लावायचं ठरलंय. वर्गणी ३,००० रुपये जमलीय. प्रोजेक्टरचं भाडं, पडदा, चहा-चिवडा सगळं त्यातच बसवायचं, वर एक रुपया मिळणार नाही. प्रेक्षक म्हणाल तर तिसरी-चौथीतल्या पोरांपासून सत्तरीच्या आजी-आजोबांपर्यंत.

माझ्या मनात जेम्स व्हेलचा १९३१ चा ‘फ्रँकेन्स्टाइन’ आहे, शास्त्रज्ञ प्रेतांचे तुकडे जोडून राक्षस जिवंत करतो तो. कमिटीवाले म्हणतात, मेल ब्रूक्सने केलेलं त्याचं विडंबन, १९७४ चा ‘यंग फ्रँकेन्स्टाइन’ लावा, लोक हसतील तरी. मलाही तो आवडतो. पण ज्यांनी मूळ पाहिलेलंच नाही त्यांच्यासमोर आधी विडंबन आलं, तर बोरिस कार्लोफने मूळात केलेला तो राक्षस त्यांच्यासाठी कायमचा विदूषक होऊन बसेल, ही भीती वाटते. अशा सिनेमांनी मूळाचा मान वाढतो की जातो? आणि मी कोणता लावू? प्रोजेक्टर कुठला घ्यावा तेही सांगा.

सातपूरचा_साउंडवाला
भाड्याचा प्रोजेक्टर घेऊच नका भाऊ. मी गेल्या वर्षी घरी लेझर घेतला, दीड लाखाच्या आसपास गेले, पण काळा रंग काळाच दिसतो. भाड्याच्या मशीनवर काळ्याचा राखाडी होतो, आणि हे सिनेमे सगळे सावल्यांवर उभे आहेत. सोसायटीने कायमचा एक घेऊन टाकावा, दर फ्लॅटमागे काढले की झालं.

नाशिकरोडची_मावशी
त्यांनी ३,००० लिहिलंय, दीड लाख नाही. तेवढ्यात होतं, आम्ही गणपतीत केलंय. मात्र आम्हाला मिळालेल्या मशीनचा दिवा मरायला टेकलेला होता, चेहरेसुद्धा ओळखू येईनात आणि भाडं पूर्ण घेतलं. म्हणून आदल्या रात्री गच्चीवरच लावून बघा, दुकानात ट्यूबलाइटखाली नाही. भिंतीवर मारू नका, पिवळट दिसतं. पांढरी चादर दुहेरी करून चारी बाजूंनी ताणून बांधा, नाहीतर वाऱ्यात राक्षसाचं तोंड हलत राहील.

आणि १९७४ च्या सिनेमात चावट विनोद बरेच आहेत. तिसरीतली पोरं असतील तर कमिटीने आधी स्वतः बघावा.

हौशी_रंगकर्मी
मूळ प्रश्नावर बोलतो, कारण तो महत्त्वाचा आहे. १९३१ च्या प्रयोगशाळेतली ती ठिणग्या उडवणारी यंत्रं केनेथ स्ट्रिकफॅडन नावाच्या माणसाने बनवली होती. पडद्यावर त्याचं नाव आलं नाही. यंत्रं त्याने घरी जपून ठेवली. ब्रूक्सने १९७४ मध्ये तीच यंत्रं भाड्याने घेतली, तीच पुन्हा चालवली आणि श्रेयनामावलीत स्ट्रिकफॅडनचं नाव टाकलं. मूळ सिनेमाने जो मान दिला नाही तो चाळीसेक वर्षांनी विडंबनाने दिला! याला टिंगल म्हणायचं?

शिवाय कोलंबिया स्टुडिओवाले कृष्णधवलला तयार नव्हते म्हणून ब्रूक्स सिनेमा घेऊन फॉक्सकडे गेला, पण रंगीत केला नाही. म्हणजे ‘काळापांढरा कोण बघणार’ म्हणून कोणी ब्रूक्सचा सुचवत असेल तर त्यांना सांगा, तोही काळापांढराच आहे.

पंचवटीचा_जुना_प्रेक्षक
एक उदाहरण देऊन सगळी टिंगल पवित्र होत नाही. १९४८ मध्ये मूळ ‘फ्रँकेन्स्टाइन’ काढणाऱ्या युनिव्हर्सल स्टुडिओनेच आपल्या राक्षसांना अ‍ॅबट आणि कॉस्टेलो या विनोदी जोडीपुढे उभं केलं. लांडगा-माणूस झालेला लॉन चेनी ज्युनियर, त्याची नंतर कायम तक्रार होती की या जोडीने भयपटांची वाट लावली. ज्याने तासन्‌तास तोंडाला केस चिकटवून घेतले, त्याचं ऐकायचं की आपलं?

हौशी_रंगकर्मी
चेनीचं दुःख खरंच होतं काका, पण वाट आधीच लागली होती. १९४४ आणि १९४५ च्या सिनेमांत ड्रॅक्युला, लांडगा-माणूस, फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस असे सगळे एकाच कथेत कोंबले होते. भीती तिथेच संपली. उलट १९४८ चा पुन्हा बघा. त्यात बेला लुगोसी ड्रॅक्युला म्हणून एकदाही विनोद करत नाही. डोळे, हात, आवाज सगळं गंभीर. घाबरून धांदल उडते ती त्या दोघांची, हसतो आपण त्यांना. राक्षसाची अब्रू शाबूत राहते.

पंचवटीचा_जुना_प्रेक्षक
१९९५ चं ड्रॅक्युलाचं विडंबनही मेल ब्रूक्सचंच. तो बघून सांगा अब्रू शाबूत राहिली का. तोच दिग्दर्शक, तीच हौस, आणि हाती काय आलं? नुसते सुळे आणि काळा झगा.

हौशी_रंगकर्मी
तो फसलाय, मान्य. पण म्हणूनच म्हणतो, मूळ किती जीव लावून पाहिलंय त्यावर सगळं ठरतं. १९७४ च्या सिनेमातला लाकडी हाताचा इन्स्पेक्टर घ्या. १९३९ च्या ‘सन ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये लायनेल अ‍ॅटविलने केलेल्या इन्स्पेक्टरचा हात लहानपणी राक्षसाने उपटलेला असतो. डार्ट खेळताना तो बाण त्या लाकडी हातात खोचून ठेवतो. ब्रूक्सच्या मंडळींनी ते नीट पाहून उचललं. असं बारकाईने बघायला प्रेम लागतं.

सिडकोचा_लक्ष्याफॅन
एवढं इंग्रजी कशाला? ‘झपाटलेला’ लावा! १९९३, महेश कोठारे. आजी-आजोबांना भाषा कळेल, पोरांना बाहुला आवडेल. रामदास पाध्येंचा बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू, आणि लक्ष्या. मी लहानपणी त्या बाहुल्याला घाबरून उशीखाली तोंड घालायचो आणि त्याच सिनेमाला पोट धरून हसायचो. भीती आणि हसू एकत्र नांदतं याचा याहून मोठा पुरावा नको.

देवळालीकर
१९७४ चाच लावा. त्यात प्रयोगशाळेची मूळ यंत्रं वापरलीत, हे फार लोकांना माहीत नसतं.
दुसरं, दिवाळीनंतर आमच्याकडे आठनंतर चांगलाच गारठा पडतो. आजी-आजोबांना गच्चीवर तीन तास बसवू नका.
तिसरं, दादासाहेब फाळक्यांच्या गावात राहून परक्यांचीच भुतं का? ‘लंकादहन’ १९१७ चा. त्यात साळुंके यांनी राम आणि सीता दोन्ही केलेत.

सिडकोचा_लक्ष्याफॅन
फाळक्यांचा आदर आहेच दादा, पण ‘लंकादहन’मध्ये भूत कुठंय?

देवळालीकर
राक्षस आहेत की. अख्खी लंका राक्षसांची.

मेनरोडवाला
वेळेचं कोणीच बोलत नाहीये. उघड्यावर स्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद, कायदाच आहे. अंधार सव्वासहा-साडेसहाला होईल. १९३१ चा साधारण ७० मिनिटांचा, १९७४ चा १०५ च्या वर. दोन्ही लावले तर दहाच्या आत जेमतेम अर्धा तास उरतो. एकच निवडा.

आणि १९३१ च्या सिनेमात नावं संपली की पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. पायांचे आवाज, दार, वीज, बस्स. गच्चीवर कोणी चिवड्याची पुडी फोडली तरी ऐकू येईल. छोटा ब्लूटूथ स्पीकर पुरणार नाही. इंग्रजी उपशीर्षकं सुरू ठेवा, जुन्या ध्वनिमुद्रणात उच्चार कळत नाहीत.

सातपूरचा_साउंडवाला
हेच मी म्हणतोय, चांगला स्पीकर हवा. माझ्याकडे दोन टॉवर आहेत.

कॉलेजरोड_फिल्मवेडी
दादा, तुमची भीती रास्त आहे, मी ती समोर घडताना पाहिलीय. व्हेलनेच काढलेल्या पुढच्या भागात, १९३५ च्या ‘ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन’मध्ये, आंधळ्या म्हाताऱ्याचा प्रसंग आहे. जखमी राक्षस रानातून पळत येतो, झोपडीतून व्हायोलिन ऐकू येतं. म्हाताऱ्याला हा दिसत नाही, म्हणून तो याला घाबरत नाही. सूप देतो, पाव देतो, मित्र मिळाला म्हणून देवाचे आभार मानतो, आणि राक्षसाच्या गालावरून अश्रू ओघळतो. १९७४ मध्ये याच प्रसंगात म्हातारा गरम सूप राक्षसाच्या मांडीवर ओततो आणि सिगार समजून त्याचा अंगठा पेटवतो. विनोद अफलातूनच आहे. पण एका फिल्म क्लबात आधी तो दाखवला आणि पुढच्या आठवड्यात १९३५ चा. झोपडीचं दार दिसल्याबरोबर अर्धं सभागृह खिदळायला लागलं. तो अश्रू कोणाला दिसलाच नाही. विडंबन प्रेमाने केलेलं असलं तरी क्रम चुकला की मूळाचा घात होतो. म्हणून १९३१ चा आधी, ब्रूक्स नंतर कधीतरी.

नाशिकरोडची_मावशी
१९३१ मध्ये ती लहान मुलगी तळ्यात बुडते ना? फुलं फेकता फेकता. पोरांना ते झेपणार नाही बाई.

गंगापूररोडकर
सगळ्यांचे आभार, खूप शिकलो. माझा निर्णय झालाय आणि तो तुमच्यापैकी कोणीच सुचवलेला नाही: १९३५ चा ‘ब्राइड’ लावतोय, एकटाच.

फिल्मवेडी ताईंचं वाचलं आणि रात्री तो पुन्हा पाहिला. सुरुवातीलाच कवी बायरनच्या तोंडून आधीची गोष्ट सांगितलीय, त्यामुळे १९३१ चा न पाहिलेल्यांचंही अडत नाही. साधारण ७५ मिनिटं, गारठा वाढायच्या आत संपतो. मावशी, तळ्याची पुसटशी आठवण आणि काही मरणं यातही आहेत, तिसरीतल्या पोरांच्या आयांना आधीच सांगतो.

मुख्य म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच सापडलं. ती किंचाळणारी मोलकरीण, बरण्यांत चिमुकली माणसं पाळणारा डॉक्टर प्रेटोरियस, हे सगळं हसवायलाच ठेवलंय, आणि ठेवणारा खुद्द व्हेल आहे. मूळ दिग्दर्शकच आपल्या राक्षसाशेजारी विनोद बसवतो आणि तरी म्हाताऱ्याच्या झोपडीत डोळे भरून आणतो. ब्रूक्सने हसू बाहेरून आणलं नाही, इथूनच उचललं. पण ते कळायला हा आधी बघायला हवा. आमच्या गच्चीवर तो अश्रू लोकांनी न हसता बघावा, एवढाच माझा हट्ट आहे. ब्रूक्सचा उन्हाळ्यात, मोठ्यांसाठी.

खर्च: प्रोजेक्टर १,८०० ला ठरला, आदल्या रात्री लावून बघणार. चादर घरची. बाकी चहा-चिवडा. साउंडवाले भाऊ, टॉवर खरंच देणार असाल तर टेम्पोचं भाडं माझ्या खिशातून.

पंचवटीचा_जुना_प्रेक्षक
१९३१ चा न दाखवता १९३५ चा दाखवणं मला पटलेलं नाही. तरी येईन. खुर्ची लागेल, खाली बसता येत नाही.

सातपूरचा_साउंडवाला
टॉवर देतो. लिफ्ट गच्चीपर्यंत जाते का ते कळवा, एकेक पंचवीस किलोचा आहे.