सिनेमॅक्सच्या 395 कोटींत पीव्हीआरला नेमकं मिळालं काय?

जमाखर्च: नोव्हेंबर 2012 मध्ये सिनेमॅक्स या मल्टिप्लेक्स साखळीच्या प्रवर्तक कनाकिया कुटुंबाने त्यातला 69.27% हिस्सा पीव्हीआर या दुसऱ्या साखळीला विकला. शेअरला 203.65 रुपये, एकूण साधारण 395 कोटी. पडदे 138. जागा बहुतेक भाड्याच्या असताना एवढे पैसे कशाचे? आणि छोट्या शेअरधारकांचं काय?

ताळेबंद: 395 ला 0.6927 ने भागा. पूर्ण कंपनी 570 कोटींची, म्हणजे दर पडद्याला 4 कोटी 13 लाख. यात कर्ज धरलेलं नाही. दुसऱ्या सौद्याशी तुलना करताना ते मिळवा, नाहीतर कर्जबाजारी साखळी स्वस्त वाटते.
छोट्यांसाठी सेबीचा, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाचा, नियम: 25% ओलांडले की आणखी किमान 26% ची ओपन ऑफर, म्हणजे बाकी शेअरधारकांकडून शेअर विकत घ्यायची जाहीर तयारी. इथे ऑफर पूर्ण भरली तर बेरीज 95.27 होते आणि लिस्टेड कंपनीत प्रवर्तकांना मर्यादा 75 ची. म्हणून अशा सौद्यानंतर जादा हिस्सा विका, नाहीतर कंपनी विलीन करा. पीव्हीआरने विलीनीकरण केलं.

तिसरीघंटा: पैसे भाडेकरारांचे. चालत्या मॉलमध्ये मल्टिप्लेक्सची जागा सहसा एकच असते, ती ज्याने धरली त्याची. करारात बघायचं ते असं: लॉक-इन (करार मोडता न येणारा काळ) किती उरलाय, भाडं ठरावीक की विक्रीवर टक्के, आणि कंपनीची मालकी बदलल्यास मॉलवाल्याची संमती लागते का. शेअर विकत घेतले तर भाडेकरू कागदावर तोच राहतो, म्हणून हे शेवटचं कलम नजरेतून सुटतं. मग मॉलवाला भाडं वाढवूनच सही करतो.
दुसरी मेख तेव्हाच्या करमणूक कराची (2017 मध्ये तो जीएसटीत गेला). महाराष्ट्राच्या 2001 च्या धोरणात नव्या मल्टिप्लेक्सला 3 वर्षं पूर्ण माफी, पुढची 2 वर्षं कराच्या फक्त 25% भरायचे. सवलत प्रत्येक जागेला वेगळी होती, त्यामुळे नवी थिएटरं उघडत राहिलं की नफा गुटगुटीत दिसायचा. तेव्हा सहाव्या वर्षापासून पूर्ण कर लावून नफा पुन्हा काढायचा, मगच भाव बोलायचा.

जमाखर्च: आणि पॉपकॉर्न?

ताळेबंद: तिथेच तर मलई! 2009 मध्ये निर्माते-वितरकांनी मल्टिप्लेक्सविरुद्ध केलेल्या संपानंतर ठरलेला डिस्ट्रिब्युटरचा (चित्रपट वितरकाचा) तिकीटविक्रीतला वाटा पहिल्या आठवड्यापासून 50, 42.5, 37.5, 30 टक्के. कर वजा जाता तिकिटाचे 200 उरले, तर पहिल्या आठवड्यात 100 त्याचे. खाद्यपदार्थांत आणि पडद्यावरच्या जाहिरातींत त्याला छदामही नाही. सौद्यानंतर पीव्हीआरचे पडदे 351 झाले, जाहिरातदाराशी घासाघीस करायला तोच आकडा कामाचा.